नोंद, पृच्छा आणि अहवाल : एक तौलनिक विचार

नोंद ठेवणे हा प्रशासनाचा पाया होय. ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही असो, शाळेचे हजेरीपत्रक असो वा तालुका कार्यालयातील आवक-जावक नोंदवही असो, जे घडले ते लिहून ठेवल्याखेरीज कारभार चालत नाही. परंतु नोंद हे काही उत्तर नव्हे. सरपंचांना, मुख्याध्यापकांना किंवा गटविकास अधिकाऱ्यांना हवे असते ते एखाद्या प्रश्नाचे उत्तर. घरपट्टीची थकबाकी किती आणि कोणाकडे? शिष्यवृत्तीस पात्र असूनही जिचा अर्ज आलेला नाही अशी मुलगी कोणती? पूर्वी हे उत्तर लिपिक नोंदवहीवर बोट फिरवीत, ओळीमागून ओळ वाचून काढीत असे. आता ते काम टेबलावरील संगणक काही क्षणांत करतो.

या सोयीबरोबर एक नवी जबाबदारी आली आहे. लिपिकाच्या हातून होणारी चूक बहुधा एका ओळीची असे. संगणकास प्रश्नच चुकीचा विचारला गेला तर चूक संपूर्ण यादीत पसरते, आणि यादी मात्र सुबक अक्षरांत, बेरजेसह छापून येते. म्हणूनच ज्यांना स्वतः संगणक चालवावा लागत नाही, पण ज्यांच्या सहीने यादी बाहेर पडते, त्यांनीही उत्तर कसे काढले जाते हे समजून घेणे अगत्याचे आहे. पृच्छा व अहवाल यांची मांडणी करण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना करणे आणि प्रत्येकीत धोका कोठे असतो ते दाखविणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

थोडा पूर्वेतिहास

माहिती परस्परसंबंधित तक्त्यांच्या रूपाने ठेवावी ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये एक भाषा सुचविली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने जगभर रूढ झाली. त्याच दशकाच्या मध्यास मोशे झ्लूफ यांनी वेगळा मार्ग दाखविला. भाषा शिकण्याऐवजी पडद्यावरील कोऱ्या तक्त्यात नमुना भरावा आणि संगणकाने त्याबरहुकूम नोंदी शोधाव्यात, अशी त्यांची योजना होती. आजच्या पृच्छा-तक्त्यांचे मूळ या योजनेत आहे.

१९८० च्या दशकात लहान संगणकांवर डीबेस आणि पुढे फॉक्सप्रो यांचा प्रसार झाला. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस बाजारात आले. फॉक्सप्रोची पुढील आवृत्ती निघणार नाही, असे २००७ मध्ये जाहीर झाले आणि २०१५ च्या जानेवारीत तिचे साहाय्यही थांबले. विनामूल्य मिळणाऱ्या कार्यालयीन संचांत २००५ पासून बेस हा विभाग आला. तो आज लिब्रेऑफिसचा एक भाग आहे. ग्रामपंचायतींच्या नियोजनासाठी व लेख्यांसाठी २०२० पासून ई-ग्रामस्वराज ही देशव्यापी प्रणाली आहे. तरीही स्थानिक गरजेच्या याद्या, पडताळणीचे तक्ते व शाळेतील नोंदी यांसाठी ॲक्सेस किंवा बेस यांसारखी साधने उपयोगी पडतात. म्हणून येथील विवेचन मुख्यतः या दोहोंच्या आधारे केले आहे.

प्रश्न विचारण्याचे तीन मार्ग

डेटाबेसमध्ये मूळ नोंदी तक्त्यांत असतात. त्यांतून हव्या त्या नोंदी निवडून काढणारा, जपून ठेवलेला प्रश्न म्हणजे पृच्छा. तिलाच व्यवहारात क्वेरी म्हणतात. ॲक्सेस आणि बेस या दोहोंत ती तयार करण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मार्गदर्शकाचा, म्हणजे विझार्डचा. संगणक एकेक गोष्ट विचारतो आणि आपण निवड करीत जातो. नवशिक्यास हा मार्ग सोयीचा आहे. एका तक्त्यातील साध्या यादीस तो पुरतो. मात्र दोन तक्ते कोणत्या रीतीने जोडले जात आहेत याकडे येथे सहसा लक्ष जात नाही.

दुसरा मार्ग आराखड्याचा. वरच्या बाजूस तक्ते दिसतात व खालच्या चौकटीत रकाने आणि अटी लिहिल्या जातात. एका आडव्या ओळीत लिहिलेल्या अटी सर्वच्या सर्व पूर्ण व्हाव्या लागतात. वेगवेगळ्या ओळींत लिहिलेल्या अटींपैकी कोणतीही एक ओळ पूर्ण झाली तरी चालते. ‘वॉर्ड २’ आणि ‘थकबाकी एक हजारांहून अधिक’ या दोन अटी एका ओळीत लिहिल्या तर वॉर्ड २ मधील मोठे थकबाकीदार मिळतात. त्या दोन ओळींत लिहिल्या तर संपूर्ण वॉर्ड २ आणि शिवाय साऱ्या गावातील मोठे थकबाकीदार मिळतात. अटींचा मजकूर तोच असूनही उत्तर मात्र वेगळे येते.

तिसरा मार्ग एसक्यूएल भाषेत प्रश्न लिहिण्याचा. तो शिकावा लागतो, पण त्यात काहीही झाकलेले राहत नाही. शिवाय प्रश्न कागदावर उतरवून फाइलीत लावता येतो, आणि दुसरा जाणकार तो वाचून तपासू शकतो. आराखड्यात केलेली पृच्छादेखील या भाषेत उघडून पाहता येते. म्हणून आराखड्यात तयार करावे आणि भाषेत तपासावे, हा मध्यममार्ग बहुतेक कार्यालयांना मानवेल.

चार मिळकतींचे उदाहरण

तक्ते जोडण्याच्या पद्धतीवर किती अवलंबून असते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. ग्रामपंचायतीत नमुना ९ ही कर मागणी नोंदवही होय आणि नमुना १० ही कराची पावती. संगणकात याचे दोन तक्ते करू : एक मागणीचा, दुसरा वसुलीचा. समजा, मिळकती चारच आहेत.

मिळकत १०१ : मागणी १,२०० रुपये, एका पावतीने १,२०० भरले.
मिळकत १०२ : मागणी ९०० रुपये, दोन पावत्यांनी ५०० व ४०० भरले.
मिळकत १०३ : मागणी १,५०० रुपये, एका पावतीने ६०० भरले.
मिळकत १०४ : मागणी ८०० रुपये, काहीच भरले नाही.

एकूण मागणी ४,४०० रुपये, वसुली २,७०० रुपये आणि थकबाकी १,७०० रुपये. त्यांपैकी ९०० रुपये मिळकत १०३ कडे व ८०० रुपये मिळकत १०४ कडे आहेत. हे उत्तर तोंडीही काढता येते.

आता दोन्ही तक्ते मिळकत क्रमांकावर जोडून मागणीतून वसुली वजा करणारी पृच्छा तयार केली, असे समजा. नेहमीची जोडणी दोन्ही तक्त्यांत जुळणाऱ्या नोंदीच तेवढ्या घेते. मिळकत १०४ ची पावतीच नसल्याने ती यादीतून गळते. मिळकत १०२ च्या पावत्या दोन असल्याने तिची ९०० रुपयांची मागणी दोनदा येते. एका ओळीत ५०० वजा जाऊन ४०० बाकी दिसते आणि दुसऱ्या ओळीत ४०० वजा जाऊन ५०० बाकी दिसते. एकूण मागणी ४,५०० व थकबाकी १,८०० रुपये अशी छापली जाते.

येथे बेरजेत पडलेला फरक अवघा शंभर रुपयांचा आहे, कारण दोन चुका परस्परविरुद्ध दिशेने झाल्या आहेत. एका ठिकाणी ९०० रुपये वाढले, दुसऱ्या ठिकाणी ८०० गळाले. केवळ एकूण रकमेवर नजर टाकणाऱ्या अधिकाऱ्यास शंका यावी असे त्यात काही नाही. पण या यादीवरून मागणीची नोटीस निघाली तर ज्याने पै न् पै भरली त्या मिळकत १०२ च्या धारकाला ती मिळेल आणि ज्याने काहीच भरले नाही त्याचे नावही निघणार नाही.

जुन्या डीबेस-फॉक्सप्रो पद्धतीत चूक निराळ्या प्रकारची होई. तेथे मागणीच्या तक्त्यास वसुलीचा तक्ता आदेशाने संलग्न करीत. मागणीतील प्रत्येक ओळ कायम राही, त्यामुळे मिळकत १०४ गळत नसे. मात्र वेगळा आदेश दिला नाही तर प्रत्येक मिळकतीची पहिलीच पावती समोर येई आणि दुसरा हप्ता दिसत नसे. साधन बदलले की चुकीची जागा बदलते. एका साधनावरील सवय दुसऱ्यावर तशीच नेता येत नाही.

दुरुस्तीची रीत

यावरील उपाय म्हणजे एकाच पृच्छेत सारे न करता दोन पायऱ्या करणे. पहिल्या पृच्छेत फक्त वसुलीचा तक्ता घ्यावा आणि मिळकतवार बेरीज करावी. म्हणजे मिळकत १०२ ची ९०० रुपयांची एकच ओळ होते. ही पृच्छा जपून ठेवावी. दुसऱ्या पृच्छेत मागणीचा तक्ता आणि ही जपलेली पृच्छा एकत्र जोडावी. जोडणीच्या गुणधर्मांत मागणीच्या सर्व नोंदी राखण्याचा पर्याय निवडावा. एसक्यूएलमध्ये यासच लेफ्ट जॉइन म्हणतात. ॲक्सेस व बेस या दोहोंत पृच्छेवर पृच्छा रचता येते.

तरीही एक अडचण उरते. मिळकत १०४ समोर वसुलीची जागा रिक्त येते, आणि रिक्त म्हणजे शून्य नव्हे. रिक्त याचा अर्थ ‘नोंद नाही’. ८०० मधून रिक्त वजा केले तर उत्तरही रिक्तच येते. मग ‘थकबाकी शून्याहून अधिक’ ही अट लावताच ती ओळ पुन्हा गळते. यासाठी रिक्त जागी शून्य धरण्यास संगणकाला स्पष्ट सांगावे लागते. ॲक्सेसमध्ये त्यासाठी एनझेड हे फलन आहे, तर बेसमध्ये कोअलेस वापरता येते. हीच गोष्ट शेऱ्याच्या रकान्याची. ‘शेरा “मंजूर” नसलेले अर्ज’ मागितले तर ज्यांवर काहीच शेरा नाही ते अर्ज येत नाहीत. ‘किंवा शेरा रिक्त असलेले’ अशी जोड त्या अटीस द्यावी लागते.

अट कोणत्या पायरीवर लावली जाते, यालाही तितकेच महत्त्व आहे. चालू वर्षाचीच वसुली हवी म्हणून दुसऱ्या पृच्छेत पावतीच्या तारखेवर अट घातली, तर ज्यांची पावती नाही त्यांची तारीखही नसल्याने ते सारे वगळले जातात आणि सर्व नोंदी राखणारी जोडणी निष्फळ ठरते. तारखेची अट पहिल्या पायरीतच, बेरजेच्या आधी लावली पाहिजे. ॲक्सेसच्या आराखड्यात बेरजेची ओळ उघडल्यावर अशा रकान्याखाली ‘व्हेअर’ हा पर्याय निवडावा म्हणजे अट बेरजेपूर्वी लागते. बेरजेच्या रकान्याखाली लिहिलेली अट बेरजेनंतर लागते. एकूण हजार रुपयांवर वसुली असलेल्या मिळकती आणि हजार रुपयांवरील पावत्या हे दोन भिन्न प्रश्न आहेत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

तारीख, अंक आणि नावे

आपण १ एप्रिल २०२४ ही तारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहितो. ॲक्सेसच्या आराखड्यात संगणकाच्या प्रादेशिक मांडणीप्रमाणे ती तशीच समजली जाते. परंतु एसक्यूएलमध्ये ०१/०४/२०२४ असे लिहिल्यास ॲक्सेस अमेरिकी रिवाजाप्रमाणे महिना आधी धरते आणि ती तारीख ४ जानेवारी होते. त्याच ओळीतील ३१/०३/२०२५ ही तारीख मात्र, एकतिसावा महिना नसल्याने, ३१ मार्च अशीच घेतली जाते. परिणामी २०२४-२५ च्या वसुलीत मागील वर्षाच्या अखेरच्या तिमाहीतील पावत्या मिसळतात, आणि इशारा काहीच मिळत नाही. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहिणे दोन्ही साधनांत निर्धोक आहे.

तक्ते नावावर न जोडता क्रमांकावर जोडावेत. कुलकर्णी आणि कुळकर्णी, शिरसाट आणि शिरसाठ हे भेद माणसास उलगडतात, संगणकास नाही. मराठी लेखनात याहून सूक्ष्म अडचणही आहे. ‘ॲ’ हे अक्षर दोन निरनिराळ्या रीतींनी टंकित होते. डोळ्यांना ते एकच दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी अक्षररूपे असतात. मजकूर म्हणून टंकित केलेले ‘१०१’ देवनागरी अंकांत आणि रोमन अंकांत एकमेकांशी जुळत नाहीत. मिळकत क्रमांकाचा रकाना संख्येचा ठेवल्यास ही अडचण मुळातच टळते.

अहवालाची मांडणी

पृच्छेने उत्तर दिले की ते वाचनीय रूपात मांडण्याचे काम अहवालाचे. ॲक्सेस व बेस या दोहोंतील अहवाल पट्ट्यांनी बनतो : अहवालाचे शीर्ष, पानाचे शीर्ष, गटाचे शीर्ष, प्रत्यक्ष नोंदी, गटाची अखेर, पानाची अखेर आणि अहवालाची अखेर. कोणती गोष्ट कोणत्या पट्टीत ठेवावी हे कळले की निम्मे काम होते. वॉर्डाचे नाव गटाच्या शीर्षात, वॉर्डाची बेरीज गटाच्या अखेरीस, गावाची बेरीज अहवालाच्या अखेरीस आणि पृष्ठक्रमांक पानाच्या अखेरीस असावा. ॲक्सेसमध्ये पानाच्या पट्टीत बेरजेचे सूत्र लिहिल्यास त्याऐवजी चूकदर्शक खूण येते.

क्रमवारीबाबतही एक सूचना आवश्यक आहे. पृच्छेत लावलेला क्रम अहवालात टिकेलच असे नाही. गट व क्रम अहवालाच्या मांडणीतच ठरवावेत. एका मिळकतीखाली तिच्या सर्व पावत्या आणि शिवाय तिला दिलेल्या सर्व नोटिसा दाखवायच्या असतील, तर तिन्ही तक्ते एका पृच्छेत जोडू नयेत. तीन पावत्या व दोन नोटिसा असल्यास सहा ओळी होतात आणि वसुली दुप्पट दिसते. ॲक्सेसमध्ये अशा वेळी उपअहवाल वापरावेत. बेसमध्ये प्रत्येक तक्त्याची बेरीज आधी वेगळ्या पृच्छेत करून घ्यावी अथवा दोन अहवाल करावेत.

महिनावार आडवा तक्ता हवा असल्यास, म्हणजे डाव्या बाजूस वॉर्ड व वरच्या बाजूस महिने अशी मांडणी हवी असल्यास, ॲक्सेसमध्ये क्रॉसटॅब ही खास पृच्छा आहे. बेसमध्ये ती नाही. पण बेसमधील पृच्छा त्याच संचातील कॅल्क या तक्तापत्रकात नेऊन पिव्होट तक्ता करता येतो. ज्या महिन्यात कोणतीच वसुली नाही त्याचा रकाना आपोआप येत नाही. क्रॉसटॅबमध्ये महिन्यांची नावे आधी निश्चित करून दिल्यास रिकामा महिनाही रिकामा म्हणून दिसतो, आणि तो दिसणे आवश्यक असते.

वर्ष किंवा वॉर्ड दर वेळी बदलत असल्यास त्यासाठी स्वतंत्र पृच्छा रचण्याची गरज नाही. चालविताना वर्ष विचारून घेणारी एकच पृच्छा करता येते. ॲक्सेसमध्ये प्रश्नाचा मजकूर चौकटी कंसात लिहितात, तर बेसमध्ये नावाआधी विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह देतात. दहा पृच्छा ठेवल्यास दुरुस्ती दहा ठिकाणी करावी लागते, आणि एखादी राहून जाते.

या सर्व तुलनेचे सार असे की, कोणत्या नोंदी घ्यावयाच्या, त्या कशा जोडावयाच्या व रिक्त जागेचा अर्थ काय धरावयाचा, हे पृच्छेत ठरावे. गट, क्रम, बेरजा व छपाई यांचे काम अहवालाकडे असावे. अहवालात गुपचूप गाळणी लावली, तर तीच पृच्छा वापरणाऱ्या दुसऱ्या अहवालाची बेरीज जुळत नाही आणि कारणही लवकर सापडत नाही. कोणते साधन घ्यावे हा प्रश्न त्यानंतरचा आहे. ॲक्सेस विकत घ्यावे लागते व ते विंडोजवरच चालते, परंतु त्यात उपअहवाल व क्रॉसटॅब यांची सोय आहे. बेस विनामूल्य आहे, लिनक्सवरही चालते, पण काही गोष्टी पृच्छेत हाताने कराव्या लागतात. प्रश्न नीट रचला असल्यास दोन्ही साधने तेच उत्तर देतील.

सही करण्यापूर्वी

यादी बाहेर पडण्यापूर्वी पुढील पडताळणी प्रत्येक कार्यालयास करता येण्याजोगी आहे. प्रथम, सर्व मिळकतींचा अहवाल काढून ओळींची संख्या मागणी नोंदवहीतील मिळकतींच्या संख्येशी ताडावी. दुसरे, एकूण मागणी व एकूण वसुली स्वतंत्रपणे मूळ तक्त्यांतून काढून अहवालाशी जुळवावी. तिसरे, माहीत असलेल्या चार मिळकती निवडाव्यात : पूर्ण रक्कम हप्त्यांनी भरलेली, अंशतः भरलेली, मुळीच न भरलेली आणि आगाऊ भरलेली. या चार ओळी बरोबर आल्या तर बाकीच्यांविषयी विश्वास ठेवण्यास आधार मिळतो. आगाऊ भरणाऱ्याची बाकी उणे येते आणि ती एकूण थकबाकीतून वजा होऊन बसते, म्हणून ती वेगळी दाखवावी. शेवटी, अहवालाच्या तळाशी तो काढल्याची तारीख आणि लावलेल्या अटी साध्या मराठीत छापाव्यात.

करवसुलीचे उदाहरण येथे सोयीसाठी घेतले, परंतु शिष्यवृत्ती, पोषण आहार, घरकुल, निवृत्तिवेतन अशा प्रत्येक यादीस हाच विचार लागू आहे. बँक खात्याचा तक्ता जोडताना ज्या मुलीचे खाते नोंदलेले नाही ती पात्र मुलांच्या यादीतून गळते, आणि जिला मदतीची गरज सर्वाधिक तीच बहुधा अशी अपूर्ण नोंदींची असते. चुकून नोटीस मिळालेला मनुष्य पावती घेऊन कार्यालयात येतो व चूक उघडकीस येते. वगळले गेलेले नाव मात्र कोणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून यादीवर सही करणाऱ्याने यादीत कोण आहे हे पाहावे आणि कोण नाही याचीही विचारपूस करावी. मागणीच्या तक्त्यात असून अहवालात नसलेली नावे शोधून काढणारी एक स्वतंत्र पृच्छा प्रत्येक कार्यालयाने तयार ठेवावी आणि प्रत्येक यादीबरोबर तिचाही कागद फाइलीस लावावा.